एकोणीस घरं

निरोप आला तेव्हा कामिनी एका राइस मिलच्या लोगोमधला सूर्य मोठा करत होती. मालकांचा तिसऱ्यांदा फोन येऊन गेला होता, सूर्य अजून मोठा पाहिजे, धानाच्या लोंबीपेक्षा मोठा, आणि ती कोपरा धरून तो ओढत होती. तेवढ्यात स्क्रीनच्या खालून एक पट्टी सरकत वर आली. तिनं आपल्या गावाची चित्रं मांडलेल्या ‘मोहटोली’ या साइटवर संपर्कासाठी एक चौकट होती, नाव, फोन नंबर, निरोप. चार वर्षांत त्या चौकटीतून वजन कमी करण्याच्या औषधांच्या जाहिराती आल्या होत्या, तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो म्हणणारे आले होते. माणूस कधी आला नव्हता. सवयीनं ती पट्टी पुसून टाकणार होती, पण अक्षरं देवनागरी दिसली म्हणून थांबली. ‘नमस्कार. तुमची साइट पाहिली. चित्रं छान आहेत. आमच्या वस्तीत तुम्ही एकच घर अकरा वेळा काढलं आहे. आमची एकोणीस घरं होती. आई विचारते, यातलं आपलं कोणतं? – जीवन सोमाजी, दिघोरी.’

तिनं परत वाचलं नाही. पहिल्याच वाचनात ते सगळं आत गेलं होतं. खालच्या भांड्यांच्या दुकानात पितळी गुंडांचे पोचे ठोकून काढत होते, त्याचा एकसारखा आवाज जिन्यावरून वर येत होता, आणि तिला वाटलं, हा आवाज आत्ताच सुरू झाला. खरं म्हणजे तो सकाळपासून चालू होता. साइट उघडून बघायची गरज नव्हती. ती अकरा घरं तिनं कशी केली ते तिला हातांनी आठवत होतं. गावाच्या नकाशातला दक्षिणेचा कोपरा रिकामा राहिला होता. एक घर काढलं, बुटकं, कवेलूच्या छपराचं, भुऱ्या मातीच्या भिंतींचं. काढायला अर्धा तास लागला असेल. मग ते निवडलं, कॉपी केलं आणि दहा वेळा चिकटवलं. चार घरं आरशात बघितल्यासारखी उलटी केली, म्हणजे सारखी वाटू नयेत. अकरा का, तर कोपऱ्यात तेवढी बसली. एवढं झाल्यावर तिला बरं वाटलं होतं, हेही आठवलं. गाव भरल्यासारखं दिसत होतं.

मोहटोली आता नाही. वैनगंगेवर धरण झालं आणि पाणी मागं चढत आलं, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. गाव उठलं, पुनर्वसनाच्या वसाहतीत सरळ रेषेत बसलं, काही कुटुंबं पैसे घेऊन दुसरीकडं गेली, श्यामराव, म्हणजे कामिनीचे वडील, मोठ्या मुलाकडं, मनिषकडं, शहापूरला राहायला आले. गाव बुडताना बघायला कोणी थांबलं नव्हतं. पाणी एकदम येत नाही, ते रोज वीतभर येतं, आणि वीतभर पाण्यासाठी कोण उभं राहतं? कामिनी तेव्हा पुण्यात होती, एका कंपनीत वेबसाइटची पानं जुळवायची, नवीन लग्न झालं होतं. ते लग्न तीन वर्षं चाललं. नवरा वाईट नव्हता. रविवारी ती टॅबलेटवर चित्र काढत बसायची, तेव्हा तो मागं उभा राहून कौतुकानंच विचारायचा, हे कोणासाठी करतेस? ती हातातली रेघ पुरी करायची. पुढं त्यानं विचारणं बंद केलं, आणि ते जास्त वाईट होतं. भंडाऱ्याला परत येऊन तिनं ही पहिल्या मजल्यावरची खोली घेतली, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास, राइस मिल यांच्या साइट करायला लागली, आणि उरलेला सगळा वेळ स्वतःच्या तीन कामांत घालायला लागली. ती त्यांना कामंच म्हणायची. बाकीच्याला ती पोट म्हणायची.

तीन कामं म्हणजे तीन फोल्डर. पहिल्यात अक्षरं होती. बाजारातल्या जुन्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून ती एक देवनागरी फॉन्ट तयार करत होती. पाट्या रंगवणारा एक म्हातारा पेंटर अजून हयात होता, त्याच्या ‘ळ’ला जी गाठ यायची ती तिला जमत नव्हती. दुसऱ्यात मासे होते. तळ्यांतले आणि बोड्यांतले, म्हणजे लहान तळ्यांतले मासे हलत्या चित्रांत, लहान मुलांसाठी; सात मासे झाले होते, आठव्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात गाव. एकात मन विटलं की ती दुसऱ्यात जायची, दुसऱ्यात अडलं की तिसऱ्यात. सहा वर्षं हेच चाललं होतं. लोक विचारत, म्हणजे मनिषची बायको विचारायची, तेव्हा ती सांगायची की एकाच वेळी तीन कामं चालू असतात म्हणून वेळ लागतो. आताही तिनं लोगो बाजूला सारला आणि अक्षरांचं फोल्डर उघडलं. ‘ळ’ मोठा करून त्याची गाठ सोडवत बसली. बिंदू इकडं ओढला, तिकडं ओढला. आई विचारते, यातलं आपलं कोणतं. तिनं मासे उघडले. आठव्या माशाला डोळा लावला, तो पाण्यात स्थिर राहून तिच्याकडं बघत राहिला. हे मासे ती कोणाला तरी विचारू शकली असती. तळ्यावर जाळं टाकणारे ढीवर सकाळी सहाला बाजारात बसतात, तिच्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. तो पेंटर तर तीन गल्ल्या सोडून राहतो. ती कधी गेली नाही. पहिल्यांदाच तिच्या नीट लक्षात आलं की तिन्ही कामं एकाच ठिकाणी थांबली आहेत. जिथं उठून कोणाला तरी विचारायला जावं लागेल, तिथं. आणि तिसऱ्या कामात तर ती थांबलीसुद्धा नव्हती. तिथं तिनं चिकटवून टाकलं होतं.

जीवन तिला आठवत नव्हता. पण सोमाजी म्हटल्यावर विमला आठवली. विमला सोमाजीची बायको, यांच्या वावरात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला यायची, कापणीला यायची, आणि एरवी रोज सकाळी अंगण सारवायला. कामिनीची आई तिला विमला म्हणायची म्हणून सहा वर्षांची कामिनीही विमलाच म्हणायची. विमला आली. विमलाले भाकर दे. आता त्या मुलाला उत्तर लिहायचं तर काय लिहायचं, तुमच्या आईला नमस्कार सांगा, इथपर्यंत ठीक. पण मनात जे नाव येत होतं ते नागडंच येत होतं, त्याला ‘बाई’ लावलं तरी ते मागून लावल्यासारखं दिसत होतं. विमलाचे हात आठवत होते. पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी सोडताना अंगठ्यानं दोर तोडायची ती पद्धत. तापात कपाळावर ठेवलेली थंड ओली पालथी मूठ. शेणाचा आणि खोबरेल तेलाचा मिळून एक वास. आणि संध्याकाळी ती निघायची, हातपंपापाशी वळायची, तिथून पुढं कामिनीच्या आठवणीत काही नव्हतं. त्या बाजूनं धूर दिसायचा, डफड्याचा आवाज यायचा, चौदा एप्रिलला निळे झेंडे दिसायचे. हातपंप ते झेंडे यांच्यामध्ये जमीन असणार, वाट असणार, दारं असणार. कुणी तिला तिकडं जाऊ नको म्हणून कधी बजावलं नव्हतं. बजावायची गरजच पडली नव्हती.

दुपारी तिनं वडिलांना फोन लावला. श्यामराव जेवून ओसरीवर बसले असणार, मागं टीव्हीचा आवाज येत होता.

“बाबा, आपल्या गावात बौद्धांच्या वस्तीत घरं किती होती?”

“असतीन धा-बारा. काहून?”

“एकोणीस होती म्हणतात.”

“असतीन मंग एकोणीस. आता पान्याखाली का घरपट्टी लावून राह्यले का?” ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

“विमलाबाईचं घर कोणतं होतं?”

टीव्ही कोणीतरी कमी केला. “कोनती विमलाबाई? आपली विमला?” ते थांबले. “मले का माहीत? बलवायचं असलं का हातपंपाजवळून आवाज देत होतो. ते येत होती. बाई मोठी इमानदार. तीस वर्षं तिनं आपल्या वावरात रोवना केला. अंधारात पाय वाजला तरी मी वळखत होतो, विमला आली म्हनून.”

“पण घर नाही पाहिलं.”

“आता कायले पाह्यजे तुले तिचं घर?” आवाजात राग नव्हता, नुसती अडचण होती, चष्मा सापडत नसला की व्हायची तशी. मग त्यांनी विचारलं, तू जेवली का, आणि ती हो म्हणाली. जेवली नव्हती.

फोन ठेवल्यावर तिनं गावाची फाइल उघडली, दक्षिणेचा कोपरा मोठा केला, अकराच्या अकरा घरं एकदम निवडली आणि पुसून टाकली. एका बोटाचं काम. वाटलं होतं, आता चित्र ओकंबोकं दिसेल. तसं दिसलं नाही. तिथं नुसती हिरवट जमीन होती, नदीकडं उतरत गेलेली, आणि ती बघायला इतकी छान होती की तिला भीती वाटली. न माहीत असलेल्या माणसाला कधी कळलंच नसतं की इथं काही राहून गेलं आहे. तिनं लगेच पुसलेलं परत आणलं. अकरा घरं होती तशी उभी राहिली, चार उलटी. मग तिनं उत्तर लिहायला घेतलं. ‘आपला निरोप वाचून वाईट वाटलं’ असं लिहिलं, खोडलं. ‘तांत्रिक कारणामुळं’ असे शब्द तिच्या हातून लिहिले गेले, क्लायंटना लिहून लिहून हाताला वळण पडलेलं. ते बघताच तिनं तेही खोडलं. शेवटी चार शब्द राहिले. ‘मी भेटायला येऊ का?’ उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘आई म्हणते, या.’

रविवारी ती भंडाऱ्याहून एसटीनं साकोलीला गेली, तिथं गाडी बदलून दिघोरीला उतरली. जीवन मोटरसायकल घेऊन थांबला होता. तिशीतला, पोस्टात नोकरीला, बोलणं बेताचं. ‘चला ताई’ एवढंच म्हणाला. सिमेंटचं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची सपरी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खिळ्यांना लावलेली मुलांच्या शाळेची प्रमाणपत्रं. विमलाबाई खाटेवर बसल्या होत्या. हातांवरून तिनं ओळखलं. बाकी बाई लहान झाली होती, डोळ्यांना काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता.

“श्यामरावची लहानी ना तू? कामी?”

“हो, मावशी.” मावशी हा शब्द तिनं बसमध्ये ठरवून ठेवला होता. तो बाहेर पडल्यावर दोघींनाही जरा वेळ ऐकू येत राहिला.

ती खाली चटईवर बसायला गेली तर म्हातारी म्हणाली, “खुर्चीवर बस. खाली कायले बसतं? गुडघे भरतीन.” मग आत हाक मारली, “उर्वशी, च्या मांड व.” सून चहा घेऊन आली, चहा सगळ्यांना सारख्याच कपांत होता, आणि कामिनीनं ते पाहिलं याची तिला लाज वाटली. काय बोलावं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. टॅबलेट मांडीवर ठेवून ती म्हणाली, “माझं चुकलं. मी कधी तिकडं आलीच नाही. म्हणून मला काढता नाही आलं.”

विमलाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “आली असती तं च्या मांडला असता,” म्हणाल्या.

त्यात टोमणा होता का, हे कामिनीनं त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. काळ्या चष्म्यात तिला फक्त दाराचा उजेड दिसला. त्यांनी तर गोष्ट होती तशी सांगितली होती. एवढी सोपी. त्या वस्तीत एक चूल होती, तिच्यावर आधण ठेवलं गेलं असतं, आणि एक मुलगी हातपंपाच्या पुढं गेली नाही म्हणून ते ठेवलं गेलं नाही. तिनं चहा संपवला, आणि पेन हातात घेतलं.

दोनपर्यंत त्या सांगत राहिल्या आणि ती काढत राहिली. हातपंपावरून वळलं का पहिलं घर कवडूचं, दार निळं, होळीच्या वेळी गेरू भेटला नाही म्हणून त्यानं सायकलचा रंग लावला होता. त्याच्या बाजूला भैय्यालाल, त्याचा पोरगा फौजेत, म्हणून वस्तीतला पहिला स्लॅब त्याचा, पण जिना नाही बांधला, पैसे सरले, तर धान वाळवायला बाया शिडीनं वर जात होत्या. मधात चावडीसारखा ओटा, त्यावर विहार बांधायचं होतं. विटा पडून होत्या, पोरं त्यांची गाडी करून खेळत. सुलोचनाबाईच्या दारात जास्वंद, घर पडकं, पण जास्वंद अशी की वरच्या, कामिनीच्या आळीतले लोक पूजेला फुलं नेत. “फुलं नेत होते?” कामिनीनं विचारलं. “मंग. सकाळीच पोरगं धाडत होते तोडायले. फुलाले का जात असते?” म्हातारी हसली. तिचे दात अजून चांगले होते. कामिनी चटचट रेघा मारत होती, घर चुकलं की म्हातारी स्क्रीनला नाक लावून बघायची आणि “नाही नाही, खिडकी एवढी उंच नाही, सोमाजीचं डोकं लागत होतं तिले” असं म्हणून बोटानंच खिडकी खाली ओढायचा प्रयत्न करायची, आणि स्क्रीनवर खरंच एक वाकडी रेघ उमटायची. त्या रेघा कामिनीनं पुसल्या नाहीत. कोणत्याच घरासारखं दुसरं नव्हतं. आपण एखाद्या वर्गात वर्षभर बसावं आणि शेवटच्या दिवशी कळावं की मागच्या बाकांवरही मुलं होती, तसं तिला होत होतं.

मग विमलाबाई म्हणाल्या, “तुमचं घर दाखव बरं.”

ते घर कामिनीचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. त्रेचाळीस लेयर, एकावर एक थर, होते त्यात. सपरीचे खांब, खांबाला पडलेली बैलाच्या दाव्याची झीज, आईची वेणी घालायची जागा, देवळीतला कंदील. स्वयंपाकघरात सकाळी जमिनीवर एक उन्हाचा पट्टा पडायचा, तो तिनं वेगळ्या लेयरवर इतका जपून काढला होता की त्यातली धूळसुद्धा दिसायची. तिनं ते मोठं करून पुढं धरलं. म्हातारी खूप वेळ बघत राहिली. बोट सपरीवरून फिरलं, अंगणावरून फिरलं, एका जागी थांबलं.

“मागचं दार कोठं गेलं?”

“मागं दार नव्हतं मावशी. मागं भिंत होती. धानाचं तणस रचत होतो तिथं.”

“दार होतं. लहानसं. सांदवाडीकडून.” सांदवाडी म्हणजे घरामागची परसबाग, हा शब्द कामिनीनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “मी त्यातूनच येत होतो, व. तीस वर्षं. खाली वाकून या लागे.” तिनं बसल्याबसल्या मान खाली घालून दाखवली. “तुझ्या मायनं कडी आतून काढली का उजेड पडे चुलीपासी. त्या उजेडात मी राख भरत होतो.”

टॅबलेटवरचा उन्हाचा पट्टा कामिनीच्या मांडीवर होता. गेली चार वर्षं तिनं त्याच्यासाठी पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी कल्पून काढली होती, कारण ऊन कुठून तरी यायला हवं होतं. आता ती डोळे न मिटताच आठवू लागली तशी कडीचा आवाज आला, खाली वाकलेलं एक डोकं आलं, पदर आला, आणि मग ऊन. आधी ती बाई, मग ऊन. ज्या घराचा कोपरा न् कोपरा आपल्याला पाठ आहे असं ती समजत होती, त्यातून एक आख्खं दार तिनं बुजवून टाकलं होतं, आणि त्यातून येणारा उजेड तेवढा ठेवून घेतला होता.

अठरा घरं झाली होती. तिनं पान सरकवलं. “आता तुमचं सांगा, मावशी.”

विमलाबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे टिपले, परत लावला. “माझं राहू दे.”

“आई?” जीवन दारात उभा होता. “तूच तं विचारलं होतं, आपलं कोनतं म्हनून.”

“विचारलं. काढ म्हनलं का?”

“मी सांगतो ताई तुम्हाले. दोन खोल्या, पुढं...”

“तू चूप बस.” आवाज चढला नव्हता, पण जीवन थांबला. म्हातारी कामिनीकडं वळली. “बाकीचे लोक कोठं कोठं गेले, कवडू मेला, सुलोचना मेली. त्यांचं कोनी सांगनारं नाही म्हनून सांगतलं. माझं माझ्यापासी आहे. ते राहू दे माझ्यापासी.”

“पण मग ती जागा...” कामिनीला नीट बोलता येईना. “तिथं काय दाखवू? रिकामी ठेवली तर लोकांना वाटेल तिथं काही नव्हतं.”

“तू पाह्यलं का माझं घर?”

“नाही.”

“मंग तसं लिव.”

उर्वशीनं जेवायला वाढलं. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. म्हातारीनं आग्रह करून दोनदा भात घ्यायला लावला, श्यामरावांची तब्येत विचारली, मनिषला पोरं किती विचारलं, आणि कामिनीला मूल नाही हे कळल्यावर काहीच विचारलं नाही. निघताना तिनं वाकून नमस्कार करायचं ठरवलं होतं. खाटेपाशी गेल्यावर म्हातारीनं तिचा दंड धरून तिला वाकू दिलं नाही, कपाळाला पालथी मूठ लावली, आणि म्हणाली, “गाडी चुकन.”

थांब्यावर जीवन म्हणाला, “राग नका मानू ताई. मी तो निरोप रागात लिहिला होता.” मोटरसायकलच्या आरशाकडं बघत तो बोलत होता. “आईनं फोनवर तुमचं घर बरोबर वळखलं, मोहाचं झाड वळखलं. खूश झाली. मंग आपलं शोधायले लागली. बोटानं एकेक घर उघडून पाह्यलं तिनं. अकराही. सगळ्याइच्या आत तेच ते. मले वाटलं, थांबन आता. पन पुन्हा पयल्यापासून सुरू केलं.” गाडी आली. त्यानं कंडक्टरला सांगून तिला खिडकीची जागा मिळवून दिली.

पुढचे तीन आठवडे तिनं अक्षरं उघडली नाहीत, मासे उघडले नाहीत. मिलच्या मालकांना त्यांचा सूर्य देऊन टाकला, पाहिजे तेवढा मोठा. आणि रोज सकाळी उठल्यापासून एकेक घर पुरं करत गेली. सायकलच्या रंगाचं निळं दार करायला दोन दिवस लागले. तो निळा झेंड्याचा नव्हता, आकाशाचाही नव्हता. स्वतःच्या घरातली खोटी खिडकी बुजवली, मागचं दार काढलं, बुटकं. त्यातून येणारी बाई तिनं काढली नाही. काढावी असं वाटलं, हात गेलाही होता. पण ती चेहरा काढायला लागली असती तर तो पुन्हा तिनं मनानं रचलेलाच झाला असता. दार उघडं ठेवलं. या दिवसांत तिला एक विचित्र एकटेपण जाणवत होतं, पूर्वीसारखं नव्हे. पूर्वी गाव काढताना ती त्या गावात राहायची, तिथं तिची सोबत असायची. आता गावात माणसं भरली होती, प्रत्येक दाराला कुणाचं तरी नाव होतं, आणि त्या गर्दीत तिला स्वतःला उभं राहायला जागा सापडत नव्हती. हातपंपापाशी एक होती, तेवढी.

एकोणिसावी जागा राहिली. तिथं तिनं चार कोपऱ्यांत चार खुणा केल्या, आत जमीन तशीच ठेवली. त्या जागेला बोट लावलं की इतर घरांसारखंच एक पान उघडणार होतं, आणि त्यावर काय लिहायचं हे ठरवण्यात तिची एक आख्खी दुपार गेली. पहिल्यांदा तिनं लिहिलं, ‘विमलाबाई सोमाजी यांचं घर. या घराची माहिती उपलब्ध नाही.’ ते सरकारी झालं. शिवाय खोटं, माहिती दिघोरीत खाटेवर बसलेली होती. मग लिहिलं, ‘आम्ही हे घर कधी पाहिलं नाही.’ हे खरं होतं. ती वाचत बसली. शहापूरला फोन करून तिनं बाबांना वाचून दाखवलं. “चारचौघात लिवाची गोठ आहे का हे?” श्यामराव म्हणाले. “पाह्यलं नाही तं नाही पाह्यलं. सगळ्याइचंच तसं होतं. आपन का एकटेच होतो का?” मग खोकले, आणि फोन मनिषकडं दिला.

सगळ्यांचंच तसं होतं. ‘आम्ही’ या शब्दात कितीजण मावतात हे तिला आत्ता दिसलं. बाबा मावत होते, मेलेली आई मावत होती, वरची आळी आख्खी मावत होती, फुलं तोडायला जाणारं पोरगंसुद्धा, आणि त्यांच्या पाठीमागं ती स्वतः आरामात उभी राहू शकत होती, कोणाला दिसली नसती. खाली गुंडांचे पोचे काढणं थांबलं होतं, दुकान जेवायला बंद झालं असावं. खोलीत तिच्या श्वासाचा आवाज होता. तिनं ‘आम्ही’ खोडलं. ‘मी’ लिहिलं. नुसतं ‘मी’ म्हटल्यावर कोण हे कळेना, म्हणून शेवटी आपलं नाव घातलं, बाबांचं नावही, गावात ओळखत तसं. ‘विमलाबाई सोमाजी यांचं घर. त्या तीस वर्षं आमच्या घरी आल्या. मी त्यांचं घर कधी पाहिलं नाही. – कामिनी श्यामराव.’ एकदा वाचलं आणि अपलोडचं बटण दाबलं. मग जीवनला लिंक पाठवली, सोबत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवसभर काही आलं नाही. तिनं भात लावला, दोनदा फोन हातात घेऊन ठेवला, कपडे घडी केले. तिन्ही फोल्डर समोर होते आणि एकातही जावंसं वाटत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला जीवनचा निरोप आला.

‘आईला वाचून दाखवलं. थोड्या वेळानं म्हणाली, अजून एकदा वाच.’